एकटा चेलो, समोर पितळी वाद्ये: लुतोस्वाव्स्की यांचा चेलो कन्सर्टो

पोलिश संगीतकार वितोल्ड लुतोस्वाव्स्की (१९१३-१९९४) यांचा चेलो कन्सर्टो हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या चेलोरचनांपैकी एक आहे. लंडनच्या रॉयल फिलहार्मोनिक सोसायटीने गुलबेंकियन फाउंडेशनच्या साहाय्याने ही रचना लिहवून घेतली आणि लुतोस्वाव्स्की यांनी ती १९६९-७० मध्ये पूर्ण केली. ती ज्यांना अर्पण केली होती, त्या म्स्तिस्लाव रोस्त्रोपोविच यांनीच १४ ऑक्टोबर १९७० रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये ती प्रथम वाजवली. साथीला बोर्नमथ सिम्फनी ऑर्केस्ट्रा होता आणि वृंदसंचालक होते एडवर्ड डाउन्स.

ही रचना साधारण चोवीस मिनिटांची असून कोठेही न थांबता सलग वाजवली जाते. एकटी व्यक्ती आणि तिला वारंवार गप्प करणारी संघटित शक्ती यांच्यातील संघर्ष असे तिचे वर्णन नेहमी केले जाते. तो संघर्ष राजकीय आहे की निव्वळ सांगीतिक, हा वाद पन्नास वर्षे चालू आहे. स्वतः संगीतकाराने राजकीय अर्थ नाकारला. पहिल्या वादकाला मात्र त्यात स्वतःचे आयुष्य दिसले. दोघेही आपापल्या जागी बरोबर कसे असू शकतात, याचे उत्तर या रचनेच्या घडणीतच सापडते.

संगीतकार

लुतोस्वाव्स्की यांचा जन्म २५ जानेवारी १९१३ रोजी वॉर्सा येथे झाला. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्य पुढे सरकू लागल्यावर त्यांच्या कुटुंबाने मॉस्कोत आश्रय घेतला. तेथेच १९१८ मध्ये बोल्शेविकांनी त्यांचे वडील युझेफ आणि काका मारिआन यांना अटक करून गोळ्या घातल्या. वितोल्ड तेव्हा पाच वर्षांचे होते. १९३९ मध्ये ते पोलिश सैन्यातून लढताना जर्मनांच्या हाती सापडले, पण निसटून पायी वॉर्साला परतले. त्यांचा भाऊ हेन्रिक सोव्हिएत सैन्याच्या कैदेत सापडला आणि सायबेरियातील श्रमछावणीत मरण पावला.

जर्मन ताब्यातील वॉर्सामध्ये सार्वजनिक मैफलींना बंदी होती. लुतोस्वाव्स्की आणि त्यांचे समकालीन आंद्जेय पानुफ्निक हे दोघे कॅफेंमध्ये दोन पियानोंवर वाजवून उपजीविका करीत. त्यासाठी त्यांनी केलेली सुमारे दोनशे रूपांतरे १९४४ च्या उठावात नष्ट झाली. त्यांतील पागानिनीच्या धुनेवरील भिन्नरूपे तेवढी वाचली आणि पुढे जगभर वाजू लागली.

युद्धानंतर सत्ता बदलली, पण निर्बंध संपले नाहीत. स्टालिनकालीन पोलंडमध्ये ‘फॉर्मॅलिझम’ हा शब्द आरोपपत्रासारखा वापरला जाई. जनतेला न कळणारे, निव्वळ तंत्रात रमणारे संगीत, असा त्याचा अर्थ होता. १९४९ मध्ये लुतोस्वाव्स्की यांच्या पहिल्या सिम्फनीवर हा शिक्का बसला आणि सुमारे दशकभर तिचे प्रयोग बंद झाले. या काळात त्यांनी मुलांसाठी गाणी, लोकधुनांवर आधारित रचना आणि रेडिओसाठी संगीत लिहिले. १९५४ चा त्यांचा ‘कन्सर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’ लोकधुनांवरच उभा असला तरी आजही त्यांची सर्वाधिक वाजणारी रचना आहे. १९५६ नंतर पोलंडमध्ये काहीसा मोकळा श्वास घेता येऊ लागला. त्याच वर्षी ‘वॉर्सा ऑटम’ हा नव्या संगीताचा महोत्सव सुरू झाला आणि पश्चिमेकडील प्रयोगांची दारे पोलिश संगीतकारांना उघडी झाली.

आखलेला योगायोग

चेलो कन्सर्टो समजून घ्यायचा तर लुतोस्वाव्स्की यांच्या एका तंत्राची ओळख आवश्यक आहे. १९६० मध्ये त्यांनी रेडिओवर अमेरिकन संगीतकार जॉन केज यांच्या पियानो कन्सर्टोचा काही भाग ऐकला. केज आपल्या रचनांमध्ये बरेच काही योगायोगावर सोपवीत. लुतोस्वाव्स्की यांना ती वृत्ती मानवणारी नव्हती, परंतु त्या ध्वनीतून त्यांना स्वतःचा मार्ग दिसला. १९६१ च्या ‘झ वेनिसियाँ’ या रचनेपासून त्यांनी जे तंत्र वापरले, त्याला मर्यादित योगायोगाचे तंत्र म्हणता येईल.

एरवी वाद्यवृंदातील प्रत्येक वादक संचालकाच्या हाताकडे पाहून एकाच ठोक्यावर वाजवतो. लुतोस्वाव्स्की यांच्या रचनांतील काही भागांत संचालक केवळ सुरुवातीचा इशारा देतो. त्यानंतर प्रत्येक वादक आपल्यासमोर लिहिलेले सूर आपल्याच गतीने, जणू एकटाच वाजवत असल्याप्रमाणे वाजवतो. पुढचा इशारा मिळाला की सगळे थांबतात किंवा पुढे सरकतात. येथे उपज नाही, कारण प्रत्येक सूर संगीतकाराने लिहून ठेवलेला असतो. कोणता सूर नेमका कोणत्या क्षणी दुसऱ्यावर येऊन पडेल, एवढेच अनिश्चित राहते. पानांवर पाऊस पडत असावा तसा सतत हलणारा, तरीही एका रंगाचा ध्वनी त्यातून तयार होतो. त्यातील स्वरसंगती संगीतकाराने आधीच बांधलेली असल्याने गोंधळ वाटला तरी तो त्याच्या आटोक्यात असतो. इतर ठिकाणी संचालक नेहमीप्रमाणे ठोके देतो आणि सर्वजण काटेकोरपणे एकत्र वाजवतात.

याचा परिणाम असा की लुतोस्वाव्स्की यांच्या रचनेत दोन प्रकारचे काळ नांदू शकतात: प्रत्येकाचा खासगी काळ आणि सर्वांवर लादलेला सामायिक काळ. चेलो कन्सर्टोचे नाट्य या दोहोंच्या संघर्षातून उभे राहते.

चेलोची जुनी अडचण

चेलो हे व्हायोलिनच्या कुळातील, बसून दोन गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचे वाद्य. त्याच्या चार तारा खालून वर सी, जी, डी आणि ए अशा लावलेल्या असतात आणि शेजारच्या दोन तारांमध्ये षड्ज-पंचमाचे अंतर असते. मानवी आवाजाच्या जवळचा त्याचा पल्ला हे त्याचे बलस्थान आहे, पण कन्सर्टोच्या दृष्टीने तीच त्याची अडचण ठरते. व्हायोलिनचा उंच सूर वाद्यवृंदाच्या वरून सहज निघून जातो. चेलोचा सूर मात्र वाद्यवृंदाच्या मधोमध येतो आणि हॉर्न, ट्रॉम्बोन यांच्या आवाजात बुडून जातो.

एकोणिसाव्या शतकातील संगीतकारांनी यावर साथ विरळ ठेवण्याचा उपाय केला. चेलो गात असताना वाद्यवृंद आदराने मागे सरकतो आणि तो थांबला की पुढे येतो. द्वोर्झाक आणि एल्गार यांच्या कन्सर्टोंत ही सभ्यता कसोशीने पाळलेली दिसते. लुतोस्वाव्स्की यांनी ती मोडली. चेलोला दडपण्याची वाद्यवृंदाची क्षमता त्यांनी लपवली नाही, उलट तीच रचनेचा विषय केली. एक ट्रम्पेट चेलोला सहज गप्प करू शकतो, ही ध्वनिशास्त्रातील साधी वस्तुस्थिती आहे. श्रोत्याला त्यासाठी कोणतीही कथा सांगावी लागत नाही. ती कानांना थेट जाणवते.

रचनेचे चार भाग

या कन्सर्टोचे चार भाग आहेत: प्रस्तावना, चार प्रसंग, कान्तिलेना आणि समारोप. त्यांच्यामध्ये विराम नसला तरी सीमा स्पष्ट ऐकू येतात, कारण त्या बहुधा पितळी वाद्यांच्या हस्तक्षेपानेच आखलेल्या आहेत.

प्रस्तावना चार मिनिटांहून अधिक काळ चालते आणि तेवढा वेळ संपूर्ण वाद्यवृंद गप्प बसून असतो. चेलो डी या मोकळ्या तारेवर एकच सूर, साधारण सेकंदाला एक या गतीने, पुन्हा पुन्हा वाजवतो. स्वरलिपीत तेथे ‘इंडिफेरेन्ते’ म्हणजे ‘बेफिकीरपणे’ असा इटालियन शब्द लिहिलेला आहे. या सुरात भावना नको, चढउतार नको. संगीतकाराच्या कल्पनेनुसार हा मन भरकटल्याचा, निवांतपणाचा क्षण आहे. मध्येच चेलोला काहीतरी सुचते. एक नाजूक वळण येते, किंचित विनोदी तरी डौलदार अशी लकेर येते, लष्करी कवायतीची नक्कल येते. प्रत्येक कल्पना थोडी फुलते, सोडून दिली जाते आणि पुन्हा तोच बेफिकीर डी सुरू होतो.

भारतीय संगीताचा कान असलेल्या श्रोत्याला येथे आलापाची आठवण होणे स्वाभाविक आहे. ठेका नाही, एकटे वाद्य आहे आणि एका सुराकडे वारंवार परतणे आहे. पण साम्य येथेच संपते. आलापात षड्जाकडे परतणे म्हणजे घरी येणे असते आणि प्रत्येक परतीने राग अधिक स्पष्ट होतो. या डीने काहीच स्थापित होत नाही. ते घर नसून रिकामपण आहे, कोणाच्याही अपेक्षेचे ओझे नसलेल्या माणसाने बोटांनी टेबलावर ठोके द्यावेत तसे. पुढे या रिकामपणाची किंमत कळते, कारण इतके निर्धास्त राहणे चेलोला पुन्हा कधीच जमत नाही.

प्रस्तावनेचा शेवट ट्रम्पेट करतात. कोणतीही पूर्वसूचना न देता ते चेलोचे बोलणे तोडतात. त्यांचे वाक्य चेलोच्या कोणत्याही कल्पनेला उत्तर देत नाही किंवा तिचा विस्तार करीत नाही. ते फक्त थांबवते.

त्यानंतरच्या चार प्रसंगांचा आराखडा सारखा आहे. चेलो गज बाजूला ठेवून बोटाने तार छेडतो आणि काही वाद्यांना जणू सोबत येण्याचे आमंत्रण देतो. लाकडी फुंकवाद्ये, हार्प, तंतुवाद्ये यांचे लहान गट पुढे येतात. संवाद सुरू होतो, त्याला वेग येतो, काहीतरी घडणार अशी आशा निर्माण होते आणि त्याच वेळी पितळी वाद्ये येऊन तो मोडतात. हे चार वेळा घडते. दुसऱ्या वेळेपासून श्रोता त्या हस्तक्षेपाची वाट पाहू लागतो आणि मग चेलोचा खेळकरपणाही पूर्वीसारखा निरागस वाटत नाही. हे प्रसंग बहुतांशी मोकळ्या काळात लिहिलेले असल्याने चेलोभोवती जमणारी वाद्ये आपापल्या गतीने बोलतात. ती गप्पांची बैठक वाटते, कवायत वाटत नाही.

कान्तिलेना म्हणजे गाण्यासारखा प्रदीर्घ सुरावटीचा भाग. येथे खेळ संपतो. चेलो खालच्या पट्टीत एक लांब, दुःखी ओळ सुरू करतो आणि तंतुवाद्ये हळूहळू तिच्याभोवती गोळा होतात. संपूर्ण रचनेत येथेच चेलोला खऱ्या अर्थाने सोबत मिळते. ओळ वर चढत जाते, तीव्र होते, आणि शेवटी चेलो व तंतुवाद्ये एकाच सुरावटीत मिसळून जातात. वाद्यवृंदातील एक मोठा वर्ग चेलोच्या बाजूने उभा राहिला, असे वाटण्याचा हा क्षण आहे, आणि पितळी वाद्ये सर्वांत कठोर आघात याच क्षणी करतात.

समारोपाची सुरुवात संपूर्ण वाद्यवृंदाच्या उद्रेकाने होते. आता मोकळा काळ उरत नाही. संचालकाच्या ठोक्यांवर सर्व वाद्ये एकत्र चालतात. चेलो वेगाने धावतो, निसटण्याचा प्रयत्न करतो आणि वाद्यांचे निरनिराळे गट त्याचा पाठलाग करतात. अखेर वाद्यवृंद प्रचंड आवाजाच्या शिखरावर पोहोचतो आणि त्यानंतर चेलो घसरत्या, कण्हत्या सुरांत बोलतो. रचना येथेच संपली असती तरी ती तर्कशुद्ध ठरली असती, असे संगीतकारानेही सुचवले होते. तसे होत नाही. एक छोटा, वेगवान उपसंहार येतो. चेलो पुन्हा वर चढतो आणि अतिउच्च ए हा सूर जोरकसपणे पुन्हा पुन्हा वाजवत थांबतो. सुरुवातीला एक सूर पुन्हा पुन्हा आला होता तो बेफिकिरीने, आणि शेवटीही एकच सूर पुन्हा पुन्हा येतो, पण आता त्यात बेफिकिरीचा लवलेश नसतो. हा विजय आहे, हट्ट आहे की किंकाळी, हे प्रत्येक वादक आपल्या वादनातून ठरवतो.

ऑक्टोबर १९७०

या रचनेचा पहिला प्रयोग ज्या महिन्यात झाला, त्याने तिचे पुढचे वाचन जवळजवळ ठरवून टाकले. १९२७ मध्ये बाकू येथे जन्मलेले रोस्त्रोपोविच तोवर जगातील अग्रगण्य चेलोवादक झाले होते. प्रोकोफिएव्ह, शोस्ताकोविच आणि ब्रिटन यांनी त्यांच्यासाठी चेलोरचना लिहिल्या होत्या. लुतोस्वाव्स्की यांच्या कन्सर्टोच्या अवघे काही महिने आधी, जुलै १९७० मध्ये, त्यांनी फ्रान्समध्ये आँरी द्युतियो यांचा चेलो कन्सर्टोही प्रथम सादर केला होता.

१९६९ पासून रोस्त्रोपोविच आणि त्यांच्या पत्नी, गायिका गालिना विश्नेव्स्काया, यांनी मॉस्कोजवळील आपल्या बंगल्यात लेखक अलेक्सांद्र सोल्झेनित्सिन यांना आश्रय दिला होता. सोल्झेनित्सिन यांची सोव्हिएत लेखक संघातून हकालपट्टी झाली होती. ८ ऑक्टोबर १९७० रोजी त्यांना साहित्याचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले आणि सोव्हिएत वृत्तपत्रांतून त्यांच्यावर टीकेची झोड उठली. सहा दिवसांनी रोस्त्रोपोविच यांनी लंडनमध्ये लुतोस्वाव्स्की यांचा कन्सर्टो वाजवला. ३१ ऑक्टोबर रोजी त्यांनी ‘प्रावदा’सह प्रमुख सोव्हिएत वृत्तपत्रांच्या संपादकांना पत्र लिहून सोल्झेनित्सिन यांची बाजू घेतली आणि कलेच्या बाबतीत जाणकार नसलेल्यांनी अखेरचा शब्द उच्चारण्याच्या प्रथेवर बोट ठेवले. मायदेशात ते पत्र छापले गेले नाही, पण पश्चिमेकडे प्रसिद्ध झाले. त्यानंतर रोस्त्रोपोविच यांचे परदेश दौरे रोखले गेले आणि मायदेशातील कार्यक्रमही आटत गेले. १९७४ मध्ये त्यांनी देश सोडला. १९७८ मध्ये त्यांचे आणि विश्नेव्स्काया यांचे सोव्हिएत नागरिकत्व काढून घेण्यात आले.

ही हकिगत माहीत असलेल्या श्रोत्याला ट्रम्पेटच्या हस्तक्षेपात सत्तेचा आवाज ऐकू आला नाही तरच नवल. पण तारखा नीट पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. नोबेलची घोषणा झाली तेव्हा स्वरलिपी लिहून पूर्ण झाली होती आणि पत्र तर पहिल्या प्रयोगानंतर सतरा दिवसांनी लिहिले गेले. त्यामुळे कन्सर्टो त्या घटनांचे चित्रण असू शकत नाही. रोस्त्रोपोविच यांच्या आयुष्याने त्या रचनेला नंतर गाठले, असे म्हणणे अधिक अचूक ठरेल.

अर्थाचा वाद

लुतोस्वाव्स्की यांची भूमिका स्पष्ट होती. त्यांच्या मते संगीताला संगीताबाहेरचा ठरावीक अर्थ नसतो. आपल्या रचनांतील घटनाक्रमासाठी ते ‘आक्त्स्या’ हा पोलिश शब्द वापरीत. नाटकातील कृती किंवा कथानक असा त्याचा अर्थ. मात्र हे कथानक सुरांचे असते, माणसांचे नव्हे. गंमत अशी की रोस्त्रोपोविच यांना रचना समजावून देताना त्यांनी स्वतःच बेफिकिरी, हस्तक्षेप, संवाद अशा मानवी व्यवहारांच्या प्रतिमा वापरल्या. वादकासाठी ती केवळ मार्गदर्शक उपमा आहे, रचनेचा आशय नव्हे, असा त्यांचा आग्रह होता.

या नकारामागे भीती होती, असा तर्क काही जण करतात. लुतोस्वाव्स्की यांच्या आयुष्याकडे पाहता तो अपुरा वाटतो. डिसेंबर १९८१ मध्ये पोलंडमध्ये लष्करी कायदा लागू झाल्यावर त्यांनी सरकारी व्यासपीठांवरील कलावंतांच्या बहिष्कारात भाग घेतला. गप्प राहून किंमत मोजायची त्यांची तयारी होती. त्यांचा आक्षेप राजकारणाला नव्हता, संगीताला एका घटनेचे भाषांतर मानण्याला होता. ज्या राजवटीत प्रत्येक सिम्फनीला आशय विचारला जाई, तेथे ‘या सुरांना बाहेरचा अर्थ नाही’ असे म्हणणे हीदेखील स्वातंत्र्याची मागणी होती.

म्हणून हा वाद एका बाजूने निकालात काढण्याची गरज नाही. स्वतःच्या गतीने बोलणारा एक आवाज आणि त्याला तोडणारी मोठी शक्ती यांचे नाते येथे केवळ सुरांच्या साधनांनी उभे केले आहे: मोकळा काळ विरुद्ध ठोक्यांचा काळ, मोकळी तार विरुद्ध पितळ. कोणाचेही नाव नसल्यामुळे ते नाते १९१८ चे मॉस्को, १९४९ चे वॉर्सा आणि १९७० चे लंडन या सर्वांना लागू पडते, आणि ज्याला त्यांपैकी काहीही ठाऊक नाही त्यालाही ते कळते. रोस्त्रोपोविच यांना त्यात आपले आयुष्य दिसले, कारण लुतोस्वाव्स्की यांनी कोणाचेच आयुष्य त्यात लिहिले नव्हते.

ध्वनिमुद्रणे आणि श्रवण

सोव्हिएत संघ सोडल्यानंतर रोस्त्रोपोविच यांनी स्वतः लुतोस्वाव्स्की यांच्या संचालनाखाली ऑर्केस्ट्र द पारीसोबत हा कन्सर्टो ध्वनिमुद्रित केला. द्युतियो यांच्या कन्सर्टोसह प्रसिद्ध झालेले ते ध्वनिमुद्रण आजही मानदंड मानले जाते. त्यात चेलोचा आवाज तीव्र, नाट्यमय आणि जखमी आहे. ऑस्ट्रियन चेलोवादक हाइनरिक शिफ यांचे बव्हेरियन रेडिओ सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबतचे ध्वनिमुद्रणही संगीतकाराच्याच संचालनाखाली झाले असून ते अधिक संयत आहे. अलीकडच्या पिढीत पॉल वॉटकिन्स यांनी एडवर्ड गार्डनर आणि बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्रासोबत, तर योहान्नेस मोझर यांनी बर्लिनच्या रेडिओ वाद्यवृंदासोबत तो मुद्रित केला आहे. यांपैकी कोणत्याही दोन वादनांत मोकळ्या काळाचे भाग तंतोतंत सारखे नाहीत, आणि ते तसे असावेत अशी संगीतकाराचीही अपेक्षा नव्हती.

प्रथमच ऐकणाऱ्याने तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. पहिली, प्रस्तावनेतील डी: वादक तो खरोखर बेफिकीर ठेवतो की त्यात आधीच चिंता मिसळतो. दुसरी, चारही प्रसंगांतील आमंत्रणे: प्रत्येक वेळी बोटाने छेडलेल्या तारेत किती विश्वास उरला आहे. तिसरी, कान्तिलेनाच्या शेवटी तंतुवाद्ये चेलोशी एकरूप होतात तो क्षण. शेवटचा ए ऐकताना सर्वप्रथम आठवावा तो हाच क्षण, कारण उपसंहारात एकट्याने वर चढणाऱ्या चेलोला एकदा सोबत मिळाली होती, हे विसरले तर त्याचा हट्ट केवळ आवाज वाटतो.